वाफेचं पार्सल

डॅलसला राहणाऱ्या एका मित्राशी मागच्या शनिवारी फोनवर गप्पा चालल्या होत्या. बारा वर्षं सिगरेट ओढून झाल्यावर हा गडी ई-सिगरेटवर आला आणि पुन्हा सिगरेटला हात लावला नाही. त्याचं गाऱ्हाणं असं, "अरे, इथे गादीपासून गाजरापर्यंत सगळं दारात येऊन पडतं. पण वाफेची एक बाटली मागवली तर दुपारी घरी थांबा, लायसन्स दाखवा, सही करा. त्यापेक्षा गाडी काढून दुकानात गेलेलं परवडतं. ही सगळी दुकानदारांची लॉबी!"

मला ते काही तितकंसं पटलं नाही. मग काय, रविवार गेला वाचण्यात. आणि निघालं असं की ही गोष्ट ई-सिगरेटचा शोध लागण्याच्या पन्नासेक वर्षं आधीच सुरू होते.

सुरुवात करापासून. १९२१ साली आयोवाने सिगरेटवर राज्याचा कर लावला. अमेरिकेतला हा असा पहिला कर. मग एकेक करून बाकीची राज्यं त्या वाटेने गेली, पण सगळी एकदम नाही आणि कराचा दरही सारखा नाही. जिथे कर नाही तिथल्या व्यापाऱ्याला ही आयतीच संधी. कर असलेल्या राज्यात जाहिरात करायची आणि टपालाने कार्टन पाठवून द्यायचं. गिऱ्हाईक खूष, व्यापारी खूष, तिकिटं खपली म्हणून टपाल खातंही खूष. नाखूष दोघेच: राज्याची तिजोरी आणि कोपऱ्यावरचा दुकानदार, ज्याला कर भरल्याशिवाय गल्ला उघडता येत नव्हता.

१९४९ मध्ये यावर जेंकिन्स कायदा आला (ओहायोचे खासदार थॉमस जेंकिन्स यांच्या नावावरून). गंमत म्हणजे त्याने टपालाने सिगरेट विकणं बंद केलं नाही. एवढंच म्हटलं की दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला माल पाठवलात तर दर महिन्याला त्या राज्याच्या कर खात्याला त्याचं नाव, पत्ता आणि माल किती ते कळवा. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रॅफिक अडवू नका, फक्त लॉग पाठवा. आता लॉग कोणी पाठवलाच नाही तर? शिक्षा किरकोळ, आणि राज्याला दुसऱ्या राज्यातल्या व्यापाऱ्याची मानगूट धरता येत नाही. पन्नास वर्षं कायदा पुस्तकात सुखाने नांदला.

मग इंटरनेट आलं. २००२ साली न्यूयॉर्क शहराने आपला कर पाकिटामागे ८ सेंटवरून एकदम दीड डॉलरवर नेला. (राज्याचा कर वेगळा!) शहरातल्या माणसाने संगणक उघडला आणि त्याला सापडले राज्याच्या पश्चिम टोकाला सेनेका या मूळनिवासी समाजाच्या जमिनीवरचे विक्रेते. तिथे राज्याचा कर वसूल होत नव्हता, त्यामुळे पाकीट स्वस्त. त्याच वर्षी अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने इंटरनेटवर सिगरेट विकणारी १४७ संकेतस्थळं तपासली. त्यातल्या ७८ टक्के विक्रेत्यांनी जेंकिन्स कायदा आपण पाळत नाही असं थेट किंवा आडून लिहूनच ठेवलं होतं. 'आम्ही तुमचं नाव कुणाला कळवत नाही' ही चक्क जाहिरात होती!

यावर राज्यांच्या महाधिवक्त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडली. विक्रेता हाती लागत नाही ना, मग त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा बंद करा. २००५ च्या मार्चमध्ये क्रेडिट कार्ड कंपन्यांनी या विक्रीचे पैसे न घेण्याचं कबूल केलं. त्याच वर्षी डीएचएल आणि यूपीएस, आणि २००६ च्या सुरुवातीला फेडएक्स, अशा तिन्ही कुरियर कंपन्यांनी घरगुती गिऱ्हाइकाला सिगरेट पोचवणार नाही असं लिहून दिलं. उरलं कोण? सरकारी टपाल खातं! चेक पोस्टाने पाठवा, कार्टन पोस्टाने घ्या. म्हणजे सरकारच्याच एका खात्याने दुसऱ्या खात्याचा कर बुडवायला मदत करायची, हा प्रकार आणखी चार-पाच वर्षं चालला. ३१ मार्च २०१० रोजी ओबामांनी पॅक्ट कायद्यावर सही केली आणि २९ जूनपासून सिगरेट टपालातून हद्दपार झाली. सेनेका विक्रेते कोर्टात गेले. कराविषयीच्या कलमांवर त्यांना तात्पुरता दिलासा मिळाला, पण टपालबंदी राहिली. (सिगारला मात्र आजही टपालाची मुभा आहे. सिगार कोण ओढतो याचा विचार केला की कारण लक्षात येतं.)

आता ई-सिगरेट. बीजिंगमधले औषधशास्त्रज्ञ होन लिक, स्वतः अट्टल सिगरेट ओढणारे. त्यांनी २००३ च्या सुमाराला हे यंत्र बनवलं, आणि २००६-०७ पर्यंत ते अमेरिकेत पोचलं. पॅक्ट कायद्यातली सिगरेट म्हणजे तंबाखू गुंडाळलेली. यात तंबाखूच नाही! बॅटरी, तार आणि निकोटिन घातलेलं द्रव. म्हणजे ज्या वर्षी सिगरेटला टपालाचं दार बंद झालं त्या वर्षी ई-सिगरेट त्याच दारातून बिनबोभाट आत येत होती. एफडीएने ही यंत्रं औषधाच्या कायद्याखाली बंदरावरच अडवून पाहिली, पण आयात करणारे कोर्टात गेले. २०१० च्या डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की उपचाराचा दावा करत नसतील तर यांना औषध म्हणून नव्हे, तंबाखूचा पदार्थ म्हणूनच हाताळा. तसा नियम करायला एफडीएने २०१६ चा मे महिना उजाडवला. मधली साडेपाच वर्षं केंद्राच्या पातळीवर जवळजवळ मोकळं रान.

याच रानात ती दुकानं उगवली. आपल्याला वाटेल की वस्तू चीनची, इंटरनेटवर स्वस्त, मग दुकान चालेल कशाला? पण तेव्हाचं यंत्र म्हणजे फोनसारखी बंद डबी नव्हती. कॉइल स्वतः वळायची, कापूस भरायचा, रोध मोजायचा. हिशोब करून बघा: १८६५० आकाराची बॅटरी (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) ३.७ व्होल्टची. कॉइल अर्ध्या ओहमची. ओहमच्या नियमाने ७.४ अँपिअर, म्हणजे सुमारे २७ वॅट. आता कॉइल ०.१ ओहमची केलीत की ३७ अँपिअर. ही बॅटरी तुमच्या तोंडापासून चार इंचांवर आहे! अकरावीत प्रॅक्टिकलला सर ओरडायचे ते आठवतंय ना? इथे ओरडायचं काम काउंटरमागचा पोरगा करत होता. शिवाय भलत्याच दर्जाच्या सेलवर नवं वेष्टण चढवून जास्त अँपिअर छापलेला माल बाजारात असायचा. तो ऑनलाइन घेतला की कळायला मार्ग नाही. (दुकानातही तो असू शकायचा, पण तिथे निदान भांडायला माणूस होता.) वर चव घेऊन बघायची सोय, आणि 'मी तीन महिन्यांत अठरावरून सहावर आलो' असं सांगणारं कोणीतरी शेजारच्या स्टुलावर. सिगरेट सोडू पाहणाऱ्या माणसाला याची किंमत काय असते ते माझ्या मित्राला विचारा. मग सरावलेला माणूस बाटल्या आणि कॉइल ऑनलाइन मागवायला लागायचा, आणि बऱ्याच दुकानांचं स्वतःचंही संकेतस्थळ असायचं. म्हणजे दुकान विरुद्ध ऑनलाइन असा तंटा तेव्हा फारसा नव्हताच. लॉबीची थिअरी मला इथेच लंगडी वाटते.

तंटा पेटला तो वयावरून. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये कायदा केला की ऑनलाइन ई-सिगरेट विकणाऱ्याने वय तपासलंच पाहिजे. तो कितपत पाळला जातो हे बघायला संशोधकांनी १४ ते १७ वर्षांची ११ मुलं बसवली आणि ९८ वेळा ऑर्डर द्यायला लावली. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आला. १८ ऑर्डरी भलत्याच कारणांनी फसल्या. उरलेल्या ८० पैकी वयावरून अडल्या किती? पाच! ७५ पार्सलं आली. दारात एकदाही कुणी वय विचारलं नाही, आणि ९५ टक्के पार्सलं नुसती दाराशी ठेवून माणूस निघून गेला. 'माझं वय अठराच्या वर आहे' या चौकोनात टिचकी मारणं म्हणजे व्हॅलिडेशन नव्हे, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला काय सांगायचं!

मग दुकानं तरी धुतल्या तांदळासारखी होती का? तर नाही. २०१५ मध्ये ज्यूल आलं, पेन ड्राइव्हएवढं, कॉइल-बिइल वळायची भानगड नाही. ते पेट्रोल पंपावरच्या दुकानात लटकू लागलं आणि शाळांच्या स्वच्छतागृहांत पोचलं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये एफडीएने अल्पवयीनांना विकल्याबद्दल १३०० हून जास्त नोटिसा आणि दंडाचे दावे काढले. छुपी तपासणी दुकानांची आणि ऑनलाइन विक्रेत्यांची, दोन्हींची झाली होती.

आणि पुढे जे झालं ते तर उलटंच. त्याच नोव्हेंबरमध्ये ज्यूलने आंबा, फळं, काकडी असले स्वाद दुकानांतून काढून घेतले आणि ते फक्त स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले. कारण? तिथे नाव, पत्ता, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, सगळं ताडून बघता येतं. काउंटरवरच्या पोराला तेवढा वेळ नसतो. एफडीएचंही तेव्हा म्हणणं साधारण तसंच: एकतर फक्त प्रौढांनाच प्रवेश असलेलं दुकान, नाहीतर कडक तपासणीची ऑनलाइन विक्री. म्हणजे २०१८ मध्ये सुरक्षित जागा कोणती, तर ऑनलाइन! हे वर्षभरही टिकलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते स्वाद तिथूनही बंद केले. त्याच सुमाराला फुप्फुसांच्या एका विचित्र आजाराने लोक इस्पितळांत भरती होत होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. बहुतेकांचा संबंध गांजाच्या अर्काच्या चोरट्या काडतुसांशी आणि त्यातल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी होता, पण तोवर वाफेचं नाव बद्दू झालं ते झालंच.

शेवटचा घाव घातला २०२० च्या डिसेंबरमध्ये. कोविडच्या मदतीचं आणि अर्थसंकल्पाचं ५५९३ पानांचं एक अगडबंब विधेयक पास झालं, त्याच्या पोटात मुलांना ऑनलाइन ई-सिगरेट विकण्याविरुद्धचा कायदा होता. केलं काय, तर २०१० च्या पॅक्ट कायद्यातल्या 'सिगरेट'च्या व्याख्येत ई-सिगरेट घातली. एक व्याख्या बदलली आणि १९४९ पासून साठत आलेले सगळे नियम आपोआप लागू झाले: नोंदणी करा, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत गिऱ्हाइकांची यादी राज्याला द्या, चार वर्षं नोंदी ठेवा, दारात प्रौढ माणसाची सही आणि ओळखपत्र. वर व्याख्या इतकी ऐसपैस की द्रवात निकोटिन नसलं तरी, आणि सुटा भाग असला तरी, तो त्यात आला. फेडएक्सने १ मार्च २०२१ पासून आणि यूपीएसने ५ एप्रिलपासून हा माल घेणंच थांबवलं. टपाल खात्याचा नियम २१ ऑक्टोबरला लागू झाला. उरल्या छोट्या प्रादेशिक कुरियर कंपन्या आणि माझ्या मित्राची दुपार.

दुकानदार मालामाल झाले असतील ना? ज्यांची निम्मी विक्री संकेतस्थळावर होती तेही बुडाले. दुकानाला लागणारा घाऊक माल टपालाने मागवायचा तर टपाल खात्याकडे अर्ज आणि कागदपत्रांची चळत. पोरं मात्र तोवर भलतीकडे गेली होती. २०२० च्या जानेवारीत एफडीएने काडतुसांच्या स्वादांवर बडगा उगारला तेव्हा वापरून फेकायची यंत्रं त्यातून सुटली होती. ती आता चीनमधून येतात, विमानाच्या मालात, भलत्याच नावाने. २०२५ मध्ये शिकागोला अशी ४७ लाख नग पकडली, किंमत ८ कोटी ६५ लाख डॉलर. हा माल कुणाच्या दारात जात नाही. तो जातो कोपऱ्यावरच्या दुकानात.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय. माझं यंत्र आणू ना?" म्हटलं, बाबा रे, नको. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग डिसेंबरातल्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद. दुकान नाही आणि ऑनलाइनही नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तो म्हणाला, "आणि सिगरेट?" सिगरेट आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेर टपरीवर. सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात सुटी विकायला बंदी आहे, त्यामुळे कायद्याने पूर्ण पाकीटच घ्यावं लागेल.

पलीकडे बराच वेळ शांतता. तीन आठवडे, रोज त्या टपरीवरून ये-जा, हा हिशोब तो करत असणार.

परवा त्याचा मेसेज आला. निकोटिनचं च्युइंगम मागवलंय, तीन आठवड्यांना पुरेल इतकं. पार्सल दाराशी ठेवून माणूस निघून गेला. सही लागली नाही. :)