पोटातली चौदा इंजेक्शने

मुंबईत परळला, केईएम रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर, हाफकिन संस्थेची जुनी इमारत आहे. मूळचा हा गव्हर्नरांचा बंगला. १८९९ साली तिथे प्लेगची प्रयोगशाळा आली. पुढे कुत्रा चावलेल्यांसाठी लागणारी लसही या संस्थेत बरीच वर्षे बनत असे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ म्हणून ती त्यांना नक्की आठवेल.

ही लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला तयार केली, १९११ साली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे, तो मेंदू वाटून फिनॉलने विषाणू निष्प्रभ करायचे आणि तेच टोचायचे. म्हणजे लशीबरोबर मेंढीचा मेंदूही शरीरात जाई. घोटाळा इथेच होता.

आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे मेदयुक्त वेष्टण असते, विजेच्या तारेवर असते तसे. त्यामुळे संदेश वेगाने जातो. मेंढीचे मायलिन आपल्या मायलिनसारखेच असते. मेंढीच्या मायलिनशी लढायला शिकलेली आपली संरक्षणव्यवस्था क्वचित स्वतःच्याच मायलिनवर उलटे. बहुधा पहिल्या इंजेक्शनानंतर दोनेक आठवड्यांनी ताप येई, डोके दुखे, पाय लुळे पडत, लघवी अडे.

अशा वेळी डॉक्टरांची खरी परीक्षा होई. रेबीजचाही एक प्रकार लुळेपणाने सुरू होतो. हा लकवा रोगाचा की लशीचा? लशीचा असेल तर इंजेक्शने थांबवायला हवीत. पण चावलेला कुत्रा पिसाळलेला असेल, तर थांबवणे जिवावर बेतेल. रक्त तपासून याचे उत्तर मिळत नसे. एक साक्षीदार मात्र उपयोगी पडे, तो म्हणजे तो कुत्राच. चावल्यानंतर दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे मानता येई. पण लालबागच्या गल्लीतला भटका कुत्रा दहा दिवसांनी शोधायचा कुठे?

दोष विषाणूचा नसून मेंदूच्या ऊतीचा आहे, हे न्यूयॉर्कमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३३ ते १९३५ या काळात दाखवले. त्यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क वारंवार टोचला. माकडे लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालेले आढळले. शरीर स्वतःवरच उलटू शकते, हे यातून दिसले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अभ्यासासाठी आजही उंदरांवर हाच प्रयोग सुधारून करतात. पुढे दक्षिण अमेरिकेत नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस केली. त्यांच्या मेंदूत मायलिन जेमतेम तयार होत असते. युक्ती नामी, पण त्रास पूर्ण टळला नाही.

उपचार म्हणजे लस बंद करणे आणि, पुढे उपलब्ध झाल्यावर, स्टेरॉइड देणे. कित्येक रुग्ण पुन्हा चालू लागत. काही दगावत, काही अधू राहत. आज असा मायलिनदाह एखाद्या संसर्गानंतर होतो, तेव्हा एमआरआयवर मेंदूत पांढरे ठिपके दिसतात आणि शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात.

मेंदूच्या लशी बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना १९८४ पासून सांगत होती. पेशींवर वाढवलेली निर्धोक लस तेव्हा उपलब्ध होती, पण महाग. आपल्याकडे सेंपलच्या लशीचे उत्पादन थांबले ते २००४ अखेर. ही वीस वर्षे आम्हांला फार वाटतात; महाग लस घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्याच वाट्याला ती आली.

आता लस दंडात देतात, आणि इंजेक्शने चार-पाचच. तरीही पोटातल्या सुयांची ऐकीव भीती बाळगून एखादे मूल कुत्र्याचा ओरखडा घरी लपवते. वर्गात विचारले, तर बहुधा सांगेल.