रझाकार चळवळ (नांदेड व लातूर)

हैदराबाद संस्थानातील निमलष्करी स्वयंसेवक संघटना. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची ही लढाऊ शाखा.

उदय : बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली मजलिसने राजकीय रूप घेतले. निजामाचे सार्वभौमत्व प्रत्येक मुसलमानात आहे, असे सांगणारा ‘अनल मलिक’चा सिद्धान्त रुजला. १९४४ मध्ये बहादूर यार जंग यांचे निधन झाले. १९४६ मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी अध्यक्ष झाले आणि संघटना आक्रमक बनली. गणवेश, कवायत, शपथ व एका नेत्याची आज्ञा ही रीत त्या काळच्या इटली-जर्मनीतील फॅसिस्ट दलांशी जुळते. मात्र तेथे दलांनी सत्ता मिळवली, येथे असलेली गादी राखायची होती. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी रझाकारांनी दिल्लीला निघालेल्या निजामाच्या वाटाघाटी-मंडळाला रोखले. पुढे संस्थानचे पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात त्यांना मोकळे रान मिळाले.

नांदेड : बिलोली तालुक्यातील आर्जापूरजवळ १९४६ मध्ये स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला.

लातूर : तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी पेठ, रझवींच्या वकिलीचे गाव.

सदस्यसंख्या : अंदाजांत मोठी तफावत आहे.

विरोध : स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने लढा दिला. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीनीकरणाची बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांची हत्या केली.

अखेर व परिणाम : १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर संघटना मोडली. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. १९७० मध्ये कराचीत वारले.

कारवाईनंतर सुडाचे बळी मात्र सामान्य मुसलमान ठरले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वाधिक झळ पोचलेले जिल्हे ठरवले. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. तो वादग्रस्त आहे. लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालल्याचे अहवाल सांगतो. तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

मूल्यमापन : रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा सूड ही दोन्ही मराठवाड्याच्या इतिहासाची अंगे आहेत. रझाकार म्हणजे मुसलमान समाज नव्हे, हे शोएबुल्ला खान यांच्या बलिदानाने सिद्ध केले आहे.