यॉर्कच्या मुलींसाठी लिहिलेलं व्याकरण

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात क्वेकर पंथीयांची मुलींची एक शाळा होती. तिथल्या काही तरुण शिक्षिकांनी जवळच्याच होलगेट गावात राहणाऱ्या एका आजारी गृहस्थांना गळ घातली, की मुलींना इंग्रजी व्याकरण शिकवता येईल असं एक पुस्तक आम्हाला लिहून द्या. हे गृहस्थ म्हणजे लिंडली मरे. जन्म 1745 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. पेशा वकिलीचा आणि व्यापाराचा. वडील न्यूयॉर्कचे बडे व्यापारी. मॅनहॅटनमधल्या ‘मरे हिल’ भागाला याच घराण्याचं नाव आहे. स्नायू दुबळे होत चालले म्हणून 1784 मध्ये मरे इंग्लंडला आले आणि पुढे त्यांचं चालणं जवळजवळ थांबलं. त्यांनी विनंती मान्य केली. 1795 मध्ये यॉर्कमध्येच छापलेलं ते ‘इंग्लिश ग्रामर’ पुढची पन्नास वर्षं इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळाशाळांत पोचलं आणि त्याच्या प्रती लाखोंनी खपल्या. मिळकतीतला पैसा मरे यांनी दानधर्माला दिला.

पुस्तक मुलींसाठी मागितलं गेलं, याला कारण होतं. पूर्वापार ‘ग्रामर’ म्हणजे लॅटिनचं व्याकरण. इंग्लंडमधल्या ग्रामर स्कूलमध्ये मुलगे विल्यम लिली यांचं लॅटिन व्याकरण घोकत. आठव्या हेन्रीच्या काळात त्याला राजमान्यता मिळाली होती, आणि शेक्सपिअरने ‘मेरी वाइव्हज ऑफ विंडसर’मध्ये अशा घोकंपट्टीचा एक प्रवेशच घातला आहे. इंग्रजी ही घरची भाषा, तिला व्याकरण कशाला, असा समज होता. 1586 मध्ये विल्यम बुलोकर यांनी इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, तेही लिलींच्याच साच्यात. मुलींच्या वाट्याला मात्र लॅटिन सहसा येत नसे. त्यामुळे इंग्रजी व्याकरण हा विषय वाढला तो बव्हंशी लॅटिनच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्यांसाठी: मुली, लहान मुलं, व्यापाऱ्यांची पोरं. जॉन अ‍ॅश यांनी 1760 मध्ये आपलं व्याकरण पाच वर्षांच्या लेकीसाठी लिहिलं. रॉबर्ट लाउथ यांनी 1762 मध्ये आपलं पुस्तक काढलं, त्याची सुरुवात मुलाच्या शिक्षणापासून झाली होती.

लाउथ यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. पुढे ते लंडनचे बिशप झाले. पण त्याआधी, 1741 ते 1750 या काळात, ते ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक होते. हिब्रू बायबलमधल्या कवितेत एका चरणाचा अर्थ पुढच्या चरणात समांतर मांडणीने कसा येतो, हे त्यांनी आपल्या व्याख्यानांतून उलगडून दाखवलं. बायबलच्या अभ्यासात तो विचार आजही आधारभूत मानला जातो. असा काव्याचा जाणकार व्याकरण लिहायला बसला, तेव्हा त्याने तळटिपांमध्ये शेक्सपिअर, मिल्टन, पोप, स्विफ्ट अशा थोरामोठ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या. दोन नकार एकमेकांना खोडतात हा नियम शाळेत रुजला तो लाउथ आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या पुस्तकांमुळे. चॉसरच्या इंग्रजीत मात्र दोन-तीन नकार एकत्र आले की नकार आणखी ठाम होई, आणि शेक्सपिअरही तसं लिहितो.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, या नियमाची कथा आणखी बोलकी आहे. कवी ड्रायडन यांनी 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणातला हा ‘दोष’ दाखवला आणि पुढे नाट्यकाव्यावरच्या स्वतःच्याच निबंधाच्या 1684 च्या आवृत्तीत तशी वाक्यं फिरवून घेतली. लाउथ यांनी हा इंग्रजीचा स्वाभाविक कल असल्याचं मान्य केलं, आणि ते सांगणारं वाक्यही शेवटी तसंच अव्यय ठेवून लिहिलं. तेच वाक्य मरे यांनी आपल्या पुस्तकात घेतलं, पण अव्यय उचलून आधी आणलं. लाउथ यांनी स्वभाव म्हणून नोंदवलेली गोष्ट मरे यांच्या हाती शिस्तीत बसली. काही शाळकरी नियमांचा जन्म असाच, एका माणसाच्या पसंतीतून झाला. व्याकरणाचा धाक वाटणाऱ्या विद्यार्थ्याला हे आधी सांगितलं पाहिजे.

मरे यांनी आपलं पुस्तक हे संकलन असल्याचं उघडपणे म्हटलं आणि लाउथ, कोशकार सॅम्युअल जॉन्सन, प्रीस्टली अशी नावंही दिली. मांडणीची शिस्त मात्र त्यांची. चार भाग: वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंदोविचार. आज शाळेत व्याकरणाचं पुस्तक वेगळं आणि कवितेचा तास वेगळा. मरे यांच्याकडे कविता हा व्याकरणाचाच चौथा भाग होता. त्याला जोडून विरामचिन्हं येत, आणि परिशिष्टात रूपक, उपमा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती हे अलंकारही. विरामचिन्हांकडे पाहण्याची दृष्टीही गायकाची वाटावी अशी आहे. स्वल्पविराम हा सर्वात छोटा थांबा. अर्धविराम त्याच्या दुप्पट, अपूर्णविराम अर्धविरामाच्या दुप्पट आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. चिन्ह अर्थासाठी होतंच, पण मोठ्याने वाचणाऱ्याच्या श्वासासाठीही होतं.

छंदांच्या बाबतीत मात्र जुना साचा अडला. आयँब, ट्रोकी, डॅक्टिल ही गणांची नावं ग्रीकांची, आणि ग्रीक छंद अक्षराच्या लांबी-आखूडपणावर चालतो. मराठी वाचकाला हे लगेच कळेल, कारण आपली वृत्तंही लघु-गुरूवरच उभी आहेत; भुजंगप्रयातात लघु-गुरु-गुरु हा य-गण चार वेळा येतो. इंग्रजी कविता चालते आघातावर. इंग्रजीतल्या आयँबमध्ये पहिलं अक्षर हलकं आणि दुसरं ठासून उच्चारलेलं, एवढंच. नावं ग्रीक राहिली आणि आतला हिशेब बदलला. हे न सांगता मुलांना व्याख्या पाठ करायला लावल्या, की कानाला काहीच ऐकू येत नाही.

मरे 1826 मध्ये वारले, तोवर त्यांचं नाव व्याकरणाला समानार्थी झालं होतं. डिकन्सच्या ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मध्ये मेणाच्या पुतळ्यांचा खेळ चालवणाऱ्या बाई मुलींच्या शाळेसाठी विदूषक ग्रिमाल्डीच्या पुतळ्याचाच लिंडली मरे करतात.

आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाचा हा साचा कंपनी सरकारच्या शाळांमधून आला. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग यांनी मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्यासमोर संस्कृत आणि इंग्रजी असे दोन्ही नमुने होते. इंग्रजीला लॅटिनच्या विभक्त्या जशा सैल पडल्या, तशाच मराठीला संस्कृतच्या आठ. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. मराठी गद्यात विरामचिन्हं रुजवली ती मेजर टॉमस कँडी यांनी. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका 1850 ची. पुढे घरोघरी पोचलेलं ‘रेन अँड मार्टिन’ही मुंबईचंच, 1930 च्या दशकात ते इथल्या कूपर प्रकाशनाने काढलं. त्यातले पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले लेखक.

या साऱ्या परंपरेतली सर्वात टिकाऊ गोष्ट मात्र ना लाउथ यांची, ना मरे यांची. मुद्दाम चुकीचं वाक्य द्यायचं आणि विद्यार्थ्याकडून ते दुरुस्त करून घ्यायचं, ही रीत इंग्रजी व्याकरणात रूढ केली न्यूकॅसलच्या अ‍ॅन फिशर या शिक्षिकेने. ती मुलींची शाळा चालवायची आणि 1740 च्या दशकात तिने स्वतः व्याकरण लिहिलं. 1797 मध्ये मरे यांनी अशा वाक्यांचा अख्खा स्वाध्यायसंग्रह उत्तरांच्या पुस्तकासह काढला, आणि आज बँकेच्या किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ‘चूक ओळखा’ हा प्रश्न येतो तो याच वाटेने. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न फळ्यावर लिहिताना अ‍ॅन फिशरचं नाव मुलांना जरूर सांगावं.