भोंगा, मोर्स आणि ‘प्रथम’ : उपग्रहाची नाडी कोण ऐकते?

लोअर परळमध्ये गिरणीचा भोंगा केवळ कामगारांसाठी वाजत नसे. ज्याचा गिरणीशी काडीचा संबंध नाही, तोही त्यावर घड्याळ लावी; आणि भोंगा वाजला नाही, तर काहीतरी बिनसले आहे हे साऱ्या वस्तीला कळे. १९८२ च्या संपानंतर हे आवाज थंडावत गेले. आजचा धागा अशाच, परंतु शेकडो किलोमीटर उंचीवर वाजणाऱ्या एका भोंग्याचा आहे. त्याचे नाव बीकन.

हौशी रेडिओचालकांचा पहिला उपग्रह ‘ऑस्कर-१’ १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून गेला. वजन जेमतेम साडेचार किलो. तो मोर्समध्ये एवढेच म्हणे : चार टिंबे, दोन टिंबे, म्हणजे ‘हाय’. मात्र या ‘हाय’चा वेग उपग्रहाच्या आतील तापमानानुसार बदलत असे. हाती घड्याळ घेऊन आवाज मोजणाऱ्याला अवकाशातले तापमान कळे! इतकी काटकसरी टेलिमेट्री पुढे क्वचितच कोणी केली असेल. तो २२ दिवस बोलत राहिला आणि २८ देशांतील ५७० हून अधिक हौशींनी त्याच्या नोंदी पाठवल्या.

हौशी रेडिओच्या लहरींवर सांकेतिक गुपिते पाठवण्यास मनाई आहे. म्हणून बॅटरीचा दाब, सौरपट्ट्यांचा प्रवाह, तापमान हे आकडे कोणत्या क्रमाने येतात, ते निर्माते जाहीर करतात. उपग्रहाची प्रकृती अशी सार्वजनिक होते. निर्मात्यांनाही याची गरज असतेच, कारण त्यांच्या स्वतःच्या अँटेनासमोर तो एका फेरीत दहा-बारा मिनिटेच असतो.

महाराष्ट्रात हा इतिहास २०१६ मध्ये घडला. २२ जूनला पुण्याच्या सीओईपीचा, एक किलोहूनही हलका ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. २६ सप्टेंबरला पवईच्या आयआयटीचा, सुमारे १० किलोचा ‘प्रथम’ पीएसएलव्ही-सी३५ वरून. ‘प्रथम’चे काम २००७ च्या सुमारास सुरू झाले होते, आरंभ करणारे विद्यार्थी उड्डाणापूर्वीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्या दिवशीही वाट पाहणे संपले नाही. अग्निबाणाने आधी स्कॅटसॅट-१ सोडला, मग इंजिन पुन्हा पेटवून कक्षा बदलली आणि उड्डाणानंतर दोन तासांहून अधिक काळाने ‘प्रथम’ मोकळा झाला.

‘प्रथम’ची गंमत अशी की, त्याचा संदेश हाच त्याचा प्रयोग होता. १४५.९८० आणि ४३७.४५५ मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरातून येताना त्यांच्या कंपनाची दिशा फिरते. कमी वारंवारतेची लहर सुमारे ९ पट अधिक. हे फिरणे मोजले की वाटेतील इलेक्ट्रॉनांची संख्या कळते. मापन जमिनीवरच व्हायचे, म्हणून इतर महाविद्यालयांतही ग्रहणकेंद्रे उभारण्याची योजना होती. ऐकणारा येथे श्रोता उरत नाही, प्रयोगाचा अर्धा भाग होतो.

आज दूरचित्रवाणीसाठी बनलेला, बोटाएवढा रिसीव्हर संगणकाला जोडूनही अशी बीकने ऐकता येतात. उपग्रह जवळ येताना सूर चढा, दूर जाताना उतरता : १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३ किलोहर्ट्झ वरखाली. पडद्यावर त्याची वळणदार रेघ उमटते. लोअर परळच्या गच्चीवर मात्र टॉवरांमुळे क्षितिजालगतची मिनिटे हातची जातात. तेथे उपग्रह माथ्यावरून जाणारी फेरीच निवडावी.