सोलापूरची लाईन आणि तिरुवलंचुळीचा इन्व्हर्टर



कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळीला लोक श्वेत विनायकाच्या दर्शनाला जातात. मीही गेलो, पण मुक्काम माझ्या युनिटमधल्या एका जुन्या हवालदाराकडे होता. घर तंजावूरच्या मराठी लोकांचं. मराठी त्यांची, वळण तमिळ.

जेवताना लाईट गेली, पंखा मात्र फिरत राहिला. पाहतो तर इन्व्हर्टरमधून निघालेल्या वायरला दोन्ही टोकांना प्लग. एक इन्व्हर्टरमध्ये, दुसरा भिंतीतल्या सॉकेटात!

"साहेब, आधी मेन स्विच बंद करतो ना."

"आणि एखाद्या रात्री विसरलात तर?"

ते गप्प झाले.

हा इन्व्हर्टर घरात आला तो तमिळनाडूतल्या टंचाईच्या वर्षांत. 2012 च्या सुमारास जिल्ह्यांत तासन्‌तास वीज नसायची. बाहेरून आणावी, तर दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशापासून वेगळं. एसी वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. दोन ग्रिड जोडायची तर दोन्हीकडचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळावं लागतं. नाहीतर दोघांत भयंकर करंट वाहतो. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एसीची डीसी करून पुन्हा समोरच्या ग्रिडच्या तालातली एसी करणारं केंद्र उभारलं. क्षमता 1000 मेगावॅट. म्हणजे अर्धा भाग इन्व्हर्टरच की! थेट जोड झाली 31 डिसेंबर 2013 ला, रायचूर–सोलापूर या 765 केव्ही लाईनवर. आपल्या सोलापुरात, हे मी तिथे जरा अभिमानानेच सांगितलं.

जी गोष्ट ग्रिडला इतकी जपून करावी लागली, ती हवालदार रोज एका प्लगने करायला निघाले होते. मेन चालू असताना लाईट परत आली, तर बेतालातल्या दोन विजा भिडणार आणि इन्व्हर्टर जळणार. त्याहून वाईट म्हणजे, लाईट नसताना हीच वीज उलटी खांबावर जाते. 11,000 व्होल्ट उतरवून देणारा ट्रान्सफॉर्मर उलटा चालला की चढवूनही देतो. नोव्हेंबर 2018 च्या गज चक्रीवादळानंतर या कावेरीच्या मुलखात लाइनमननी पडलेले खांब उभे केले. तार मेली आहे, या भरवशावर माणूस वर चढतो.

दुसऱ्या दिवशी लायसनवाला इलेक्ट्रिशियन आणला. मेन बंद केलं, इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची वायर काढली. नुसतं मेन पाडून भागत नाही. मग दिवे-पंख्यांचा फेज डीबीमधल्या मेनच्या एमसीबीवरून सोडवून इन्व्हर्टरच्या आउटपुटवर घेतला. इनपुटला स्वतंत्र एमसीबी. घरात आरसीसीबी होता, म्हणून या लाईनचा न्यूट्रल इतर न्यूट्रलमध्ये मिसळू दिला नाही. अर्थिंग मात्र कुठेही तोडायचं नाही. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तर काय, म्हणून मेन–ऑफ–इन्व्हर्टर असा एकाच दांड्याचा चेंजओव्हर बसवला. एक बाजू सुटल्याशिवाय दुसरी लागतच नाही. छावणीतल्या जनरेटरला तेच असायचं, हवालदारांनी शेकडो वेळा ओढलेलं. घरी आल्यावर माणूस विसरतो.

मेन बंद करून तपासलं. पंखा चालू, फ्रिजच्या सॉकेटात टेस्टर पेटला नाही. वहिनींनी ती जुनी वायर कपडे वाळत घालायला मागितली. दोन्ही प्लग कापले, मगच दिली.