साखळी, आणा आणि शेताची हद्द

शाळेंतल्या भूमितीच्या तासाला आयताकृति शेताची आकृति येते: लांबी 4 इंच, रुंदी 2 इंच, प्रमाण 1 इंचास 5 साखळ्या. कागदावरील परिमिति 12 इंच. तिला पांचांनीं गुणिलें कीं शेताची खरी परिमिति 60 साखळ्या निघते. पुण्यांतील मुलांना हें गणित केवळ पुस्तकी वाटतें. पण त्यामागचा इतिहास त्यांच्याच जिल्ह्यांत घडला आहे.

पेशवाईंत जमीन काठीनें मोजीत. पांच हात व पांच मुठी मिळून एक काठी, आणि चारशें चौरस काठ्यांचा बिघा. परंतु हात कोणाचा नि मूठ कोणाची? 1818 मध्यें पेशवाई गेल्यावर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानें जिल्ह्याची मोजणी व आकारणी केली. तींत चुका फार आणि सारा इतका जड, कीं कित्येक शेतकऱ्यांनीं जमिनी पडीक टाकल्या. तेव्हां 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून नवी आकारणी आरंभिली. दर तीस वर्षांकरितां बांधून दिले.

मुंबई इलाख्यांत रूढ झालेली साखळी 33 फुटांची. तिचे भाग सोळा, व प्रत्येक भागाला नांव आणा! एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. रुपयाचा हिशेब जाणणाऱ्या कुणब्याला हें निराळें शिकवावें लागलें नसेल. एक चौरस साखळी म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर.

आतां वरील आकृतीचें क्षेत्रफळ पाहावें. कागदावर 8 चौरस इंच. परिमितीच्या संवयीनें कोणी पांचांनींच गुणिलें, तर 40 गुंठे, म्हणजे एकच एकर भरेल. वास्तविक गुणावें पंचविसांनीं. शेत आहे पांच एकरांचें. लांबी एकदां वाढते, क्षेत्र दोनदां. शाळेंत अशा चुकीनें गुण जातात. साऱ्याच्या वहींत ती उतरली तर चार एकरांचा फरक पडे.

प्रमाण बिनचूक असलें तरी पेन्सिल जाड असतेच. इंचाच्या चाळिसाव्या भागाएवढी रेघ या प्रमाणांत चार फुटांहून अधिक जमीन झांकते. भाऊबंदकीला तेवढी पुष्कळ झाली. म्हणूनच मोजणीदार आकृतीबरोबर प्रत्येक बाजूची लांबी साखळ्या व आणे यांत टिपणांत लिहून ठेवीत. रुपयाचे सोळा आणे 1957 मध्यें गेले आणि मोजणीला आज उपग्रहांचें साह्य मिळतें. तरी जुन्या बांधाचा तंटा निघाला म्हणजे त्या टिपणांतले साखळी-आणे पुन्हा वाचावे लागतात.