पाढे, कोष्टके आणि संगणक

संगणक हे विसाव्या शतकाचे अपत्य मानले जाते आणि यंत्र म्हणून पाहिले तर ते खरेही आहे. परंतु ज्या दोन क्रियांवर हे यंत्र उभे आहे, त्या दोन्ही फार जुन्या आहेत. हिशेब करणे ही एक, आणि केलेला हिशेब पुन्हा हाताशी यावा म्हणून जपून ठेवणे ही दुसरी. संगणकाचा इतिहास सामान्यतः पहिल्या क्रियेचा, म्हणजे वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो तितकाच दुसऱ्या क्रियेचा, म्हणजे स्मृतीचा इतिहास आहे. आणि म्हणूनच ग्रंथालयाशी त्याचे नाते वरकरणी दिसते त्यापेक्षा जवळचे आहे.

गोव्याच्या नव्या काबिजादींत या नात्याचा आरंभ मराठी शाळेत सापडतो. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. तरी या महालांतील देवळे, दप्तरे आणि पंतोजींच्या शाळा यांचा व्यवहार बव्हंशी मराठीतच चालत राहिला. या शाळेत मुलांकडून पाढे घोकून घेतले जात, आणि ते केवळ पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची मोठी मालिका त्यांत असे. सात सव्वा म्हणजे पावणेनऊ, हे मुलाला दुकानात उभे राहून काढावे लागत नसे. त्याने ते पूर्वीच साठवलेले असे. प्रसंगी फक्त आठवायचे. दर वेळी नव्याने गणित मांडण्याऐवजी तयार उत्तर स्मृतीतून उचलणे ही युक्ती आजचे संगणकही वापरतात. मात्र पाढ्यांची मर्यादा उघड होती. ही स्मृती माणसाच्या आयुष्याएवढीच टिके आणि जे पाठ केले त्यापलीकडे ती जात नसे.

पाठांतराची ही मर्यादा छापील कोष्टकांनी ओलांडली. पंचांगासाठी ग्रहांची स्थाने काढणे हे अतिशय किचकट काम. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध करून युरोपीय ज्योतिर्गणिताच्या आधारे ते सुकर केले. एकाने केलेले गणित शेकडोंना वापरता येऊ लागले. परंतु कोष्टकांनाही एक जुना रोग जडलेला होता. गणकाची चूक, नकलाकाराची चूक आणि खिळे जुळवणाऱ्याची चूक, अशा तिन्ही चुका छापील पानावर एकत्र येत. १८२१ मध्ये जॉन हर्शेल यांच्यासमवेत खगोलीय कोष्टके तपासताना चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञास या चुकांचा उबग आला, आणि कोष्टके यंत्राने काढून यंत्रानेच छापावीत या कल्पनेने त्याला पछाडले.

बॅबेजचे पहिले यंत्र एका ठरावीक पद्धतीच्या गणितापुरते होते. १८३० नंतर त्याने आखलेले ‘ॲनॅलिटिकल एंजिन’ मात्र कोणत्याही गणितासाठी योजलेले होते. त्याचे दोन मुख्य भाग त्याने कल्पिले आणि त्यांना ‘गिरणी’ व ‘कोठार’ अशा अर्थाची साधी नावे दिली. कोठारात संख्या ठेवायच्या, गिरणीत त्या दळायच्या आणि पीठ पुन्हा कोठारात न्यायचे. काय दळायचे याच्या सूचना भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून मिळणार होत्या; जाकार्दच्या मागावर वेलबुट्टी विणण्यासाठी असे पुठ्ठे आधीच वापरात होते. १८४३ मध्ये ॲडा लव्हलेस हिने या यंत्रावर टिपणे लिहिली आणि त्यांत बर्नुली संख्या काढण्याची पायरीपायरीची रीत मांडली. यंत्र पुरे झाले नाही; पण गणित करणारा भाग आणि साठवणारा भाग यांची ही विभागणी संगणकाच्या रचनेत कायमची राहिली.

यानंतर शतकभराने दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. १९३६ मध्ये ॲलन ट्यूरिंग यांनी कागदावर असे एक यंत्र कल्पिले, की ज्याला योग्य सूचना दिल्या तर ते दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकेल. महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत ‘एनियाक’ हे यंत्र तयार झाले. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्याचा वेग अपूर्व होता. परंतु नवे गणित घ्यायचे म्हणजे तारा उपसून नव्याने जोडाव्या लागत. सेकंदांच्या गणितासाठी दिवसांची तयारी. हे यंत्र घडवणारे एकर्ट व मॉक्ली आणि त्यांना येऊन मिळालेले गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या विचारविनिमयातून मार्ग निघाला, आणि फॉन नॉयमन यांच्या जून १९४५ च्या टिपणाने तो सर्वांपुढे आला. सूचनाही संख्यांच्याच रूपात लिहाव्यात आणि त्या त्याच कोठारात ठेवाव्यात, हा तो मार्ग होय.

ग्रंथालयाच्या सभासदाला ही रचना समजण्यास कठीण नाही. कपाटांतील प्रत्येक जागेला क्रमांक आहे असे समजावे. काही जागी माहितीच्या चिठ्ठ्या आहेत, काही जागी सूचनांच्या. नियंत्रण विभाग हा ग्रंथपाल. तो पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी काढतो, वाचतो, सांगितलेल्या जागची संख्या अंकगणित विभागाकडे नेतो, उत्तर सांगितलेल्या जागी ठेवतो आणि पुढील चिठ्ठीकडे वळतो. आत येणारे आणि बाहेर जाणारे दार मिळून रचना पूर्ण होते. तारा बदलण्याचे कारण उरत नाही. चिठ्ठ्या बदलल्या की तेच यंत्र वेगळे काम करते. या तत्त्वावर चालणारे पहिले लहान यंत्र २१ जून १९४८ रोजी मँचेस्टर येथे चालले, आणि केंब्रिजच्या ‘एडसॅक’ने ६ मे १९४९ रोजी पहिले गणित केले.

नेमक्या याच काळात एक गोमंतकीय गणितज्ञ ही विद्या समजून घेण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्ड विद्यापीठातून पदवी घेऊन परतल्यावर बनारस, अलीगड आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले, आणि पुढे होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची पाठ्यवृत्ती मिळवून ते गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी गेले. १९४९ च्या वसंतात शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकवली आणि नंतर प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत काही आठवडे घालवले. तेथे फॉन नॉयमन यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या. फॉन नॉयमन यांचे स्वतःचे यंत्र त्या वेळी त्याच संस्थेत उभे राहत होते.

कोसंबींना यंत्राची ओढ का वाटावी, याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. १९४३ च्या त्यांच्या एका निबंधात, गुंतागुंतीच्या बदलत्या राशीतून मोजके प्रमुख घटक वेगळे काढण्याची जी रीत येते, ती पुढे इतरांनीही स्वतंत्रपणे मांडली आणि आज ती प्रवाहांच्या अभ्यासात व चित्रांच्या विश्लेषणात सर्रास वापरली जाते. तिच्या मोठ्या उदाहरणांना लागणारे गणित हाताने उरकणे अशक्यच होते. दुसरीकडे त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने हजारोंच्या संख्येने घेतली. हातोहात फिरताना नाणे झिजते. म्हणून वजनातील घट ही त्याच्या चलनाच्या काळाची नोंद ठरते, असे त्यांनी संख्याशास्त्राने दाखवले. धातूच्या तुकड्यात दडलेली स्मृती वाचणारा हा इतिहासकार आणि गणनयंत्रांच्या स्मृतीचा अभ्यास करणारा गणितज्ञ एकच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच टाटा संस्थेत, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, भारतात आखलेला व बांधलेला संगणक तयार झाला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने याच दशकात इंग्लंडहून संगणक विकत आणला होता; मुंबईच्या तरुण अभियंत्यांनी मात्र स्वतः बांधण्याचे ठरवले. आधी प्रायोगिक यंत्र झाले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामास लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. चुंबकीय कड्यांच्या त्याच्या स्मृतीत २,०४८ जागा होत्या आणि प्रत्येक जागी ४० द्विमान अंक मावत. एका अक्षरचिन्हास आठ अंक धरले, तर १०,२४० चिन्हे होतात; या स्मरणिकेतील एखादा लेख त्यात जेमतेम मावला असता.

हे यंत्र मुंबईत चालू झाले तेव्हा पेडणे आणि डिचोली पोर्तुगीज राजवटीतच होती. तेरेखोलच्या पलीकडचा भारत सीमाबंदीमुळे दुरावलेला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आणि पेडण्यात जन्मलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या. संगणकाच्या इतिहासात या शाळांची नोंद कोणी करत नाही. पण पुढच्या पिढीला यंत्रापर्यंत नेणारी वाट त्यांतूनच गेली. पुढे डिचोली तालुक्यात मये येथे शासकीय तंत्रनिकेतन आले, आणि २००२ मध्ये सरकारच्या ‘सायबरएज’ योजनेने अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचू लागले.

मधल्या काळात यंत्राचा आकार आटला होता. निर्वात नलिकेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि १९७१ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टरांचा संपूर्ण गणकविभाग सिलिकॉनच्या एका चकतीवर बसला. मूळ रचना मात्र तीच राहिली, आणि तिचा दोषही तोच राहिला. गिरणी कितीही वेगवान केली, तरी कोठारातून धान्य आणण्यास वेळ लागतोच. त्यावर एक उपाय ग्रंथालयात नित्य दिसतो. वारंवार मागितली जाणारी पुस्तके टेबलावर, बाकीची कपाटात आणि क्वचित लागणारी माळ्यावर. संगणकातही अशीच लहान-वेगवान आणि मोठ्या-संथ स्मृतींची उतरंड असते. दुसरा उपाय अनेक गिरण्या एकाच वेळी चालवण्याचा. अमेरिकेने महासंगणकांच्या विक्रीवर निर्बंध घातले असताना, पुण्याच्या सी-डॅक संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला तो याच मार्गाने.

मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न लिपीचा होता. यंत्र फक्त अंक साठवते. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हा केवळ संकेत असतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने स्वीकारले आणि त्याच वर्षी जागतिक ‘युनिकोड’ संकेतातही देवनागरीला स्थान मिळाले. तरीही छपाईच्या धंद्यात कित्येक वर्षे प्रत्येक अक्षरसंचाचा संकेत निराळा राहिला. त्याचा परिणाम असा, की त्या काळात संगणकावर जुळवलेली पुष्कळ मराठी पुस्तके आज मूळ अक्षरसंचाशिवाय यंत्रावर उघडली तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्यांची छापील प्रत मात्र कोणीही वाचू शकतो.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाला हा अनुभव पुष्कळ काही शिकवतो. संगणकाची स्मृती विशाल आहे, पण ती आपोआप टिकत नाही. यंत्र बदलले, संकेत विसरला, की ती मुकी होते. म्हणून दुर्मीळ ग्रंथांची पाने यंत्रात उतरवताना सर्वमान्य संकेत वापरणे, एकाहून अधिक ठिकाणी प्रती ठेवणे, ठरावीक वर्षांनी त्या नव्या साधनांवर उतरवणे आणि तरीही मूळ ग्रंथ रद्दीत न घालणे, हे ग्रंथपालाचे काम ठरते. पंतोजीने मुलांच्या जिभेवर आणि छत्र्यांनी छापील कोष्टकात जे ठेवले, ते पुढच्या माणसाला वाचता आले म्हणूनच उपयोगी पडले. यंत्रात ठेवलेल्या मराठीलाही हीच कसोटी लागू आहे, आणि तिला उतरण्याची जबाबदारी यंत्राची नसून ते वापरणाऱ्यांची आहे.